डीजेला रात्री दहाची वेळ, मग फोनला का नाही?

मे महिन्यात नागपुरात दुपारी दोन ते पाच या वेळात जो बाहेर पडतो तो नाइलाजानेच पडतो. नंदनवनातल्या आमच्या अभ्यासिकेत तेच तीन तास सगळ्यात शांत असतात. दोन मोठे कूलर घरघरत असतात, वाळ्याचा ओला वास येत असतो आणि चाळीसेक मुलं-मुली आपापल्या कप्प्यात मान खाली घालून बसलेली असतात. कुणाची नीटची तयारी चाललेली असते, कुणाची एमपीएससीची, कुणाची पोलीस भरतीच्या लेखीची. मी पूर्वी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचे. आता ही अभ्यासिका चालवते आणि कुणाचं गणित अडलं तर जवळ बसून सांगते.

मागच्या उन्हाळ्यात अशीच एका मुलाशेजारी बसले होते. इंटिग्रेशनचं गणित होतं, बाय पार्ट्सने सोडवायचं. त्याने पायरी बरोबर धरली होती. पहिला भाग लिहून झाला, दुसऱ्या भागात चिन्ह बदलायचं होतं, इतक्यात टेबलावर उताणा ठेवलेला फोन उजळला. त्याने फक्त पाहिलं, हातही लावला नाही. पुन्हा वहीकडे वळला तेव्हा पेन हवेतच थांबलं होतं, आणि लिहायला लागला तो जुन्याच चिन्हाने. मी म्हटलं, "अरे, दहा मिनिटं तरी फोन पाहू नकोस." तो कळवळून म्हणाला, "काकू, मी फोन पाहून नाही राहिलो, तो वाजून राहिला."

हे वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून गेलेलं नाही. आपण सगळे, पालक, शिक्षक, शेजारीपाजारी, या विषयावर बोलतो तेव्हा वाक्याचा कर्ता नेहमी मूल असतं. पोरगा मोबाईल सोडत नाही, पोरीला रीलचं वेड लागलंय, या पिढीला संयम कसला तो नाहीच. त्या मुलाने कर्ता बदलला, आणि माझ्या मते त्याचंच बरोबर होतं. त्या क्षणी त्याने काहीही केलं नव्हतं. दुसऱ्याच कुणीतरी काहीतरी केलं होतं.

त्या संध्याकाळी त्याच्या परवानगीने आम्ही दोघांनी मिळून त्याच्या फोनचा वरचा पडदा खाली ओढला आणि दिवसभर साचलेली नोटिफिकेशन्स एकेक करून कागदावर उतरवली. दोन रकाने केले. एकावर लिहिलं "माणूस", दुसऱ्यावर "मशीन". निकष साधा ठेवला: हे पाठवताना कुणा जित्याजागत्या माणसाने याची आठवण काढून बटण दाबलं होतं का? वडिलांचा मेसेज होता, "येताना दही आणजो." मित्राने रसायनशास्त्रातल्या एका प्रश्नाचा फोटो पाठवला होता. क्लासच्या गटावर उद्याची वेळ बदलल्याचं कळवलं होतं. असं धरून माणसाच्या रकान्यात नऊ ओळी भरल्या. दुसऱ्या रकान्यासाठी पान उलटावं लागलं. अमुक एकाने बऱ्याच दिवसांनी पोस्ट टाकली आहे. ही व्यक्ती कदाचित तुमच्या ओळखीची असेल. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओसारखा आणखी एक. दोन वर्षांपूर्वीची आठवण. तुमच्या मित्रांनी काय लाइक केलं ते पाहा. भूक लागली का? तुमच्या खेळातली ताकद पुन्हा भरली आहे. यातलं एकही त्याला कुणी पाठवलेलं नव्हतं. ज्याने "बऱ्याच दिवसांनी पोस्ट टाकली" त्या मित्रालाही आपल्या नावाने आपल्या दोस्ताला गणितातून उठवलं गेलं, याचा पत्ता नव्हता.

हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या चर्चेत तो येतच नाही. आपण "स्क्रीन टाइम" मोजतो, किती तास फोन हातात होता हे विचारतो. मुलाने दोन तास आजीशी व्हिडिओ कॉल केला तरी ते दोन तासच, आणि दोन तास कुणीतरी रचलेल्या हाकांमागे गेला तरी दोन तासच. प्रश्न तासांचा नाही, दार वाजवायचा हक्क कुणाला आहे याचा आहे.

हे दार कसं उघडलं गेलं ते आठवावं. अॅपलने आयफोनमध्ये पुश नोटिफिकेशनची सेवा आणली २००९ मध्ये. त्याआधी अॅप उघडल्याशिवाय त्यात काय आहे ते कळत नसे, त्यानंतर बंद अॅपलाही हाक मारता येऊ लागली. मूळ कल्पना चांगलीच होती. सारखं उघडून पाहायला नको, काही महत्त्वाचं असेल तर फोन सांगेल. पण "महत्त्वाचं" म्हणजे काय हे ठरवायचं काम अॅप बनवणाऱ्याकडे गेलं आणि तिथेच सगळं फिरलं. ज्याचं उत्पन्न जाहिरातीवर आहे आणि जाहिरात आपण किती वेळ थांबतो यावर आहे, त्याच्या दृष्टीने आपण परत येणं हीच महत्त्वाची गोष्ट. फेसबुकवर नोटिफिकेशनची खूण आधी निळी होती, साइटच्या रंगात मिसळून जाणारी. ती लाल केली, कारण लाल दिसला की नजर वळते. खाली खाली ओढत गेलं की कधीच न संपणारं पान, म्हणजे इन्फिनिट स्क्रोल, एझा रास्किन या डिझायनरने २००६ मध्ये रचलं. पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर २०१७ मध्ये उघड बोलून गेले, की सुरुवातीपासून विचार हाच होता: लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसं खेचून घेता येईल. माणसाच्या मनातल्या एका कमजोरीचा हा वापर आहे आणि आम्ही तो जाणूनबुजून केला, असंही ते म्हणाले.

ती कमजोरी नवी नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग केले. ठरावीक चोची मारल्या की दाणा मिळतो असं असेल तर कबुतर दाणा मिळाल्यावर थोडं विसावतं. दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी तिसाव्याला, असा भरवसा नसताना मिळायला लागला, की ते न थांबता चोच मारत राहतं. जुगाराचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. दहा नोटिफिकेशन्समधलं एक खरंच आपल्या मित्राचं असतं, म्हणून आपण दहाही पाहतो. म्हणजे तो एक खरा मेसेजसुद्धा आमिषाचं काम करतो. आपल्या माणसांच्या प्रेमाचा असा वापर होतो याची मला फार चीड येते.

यावर नेहमीचं उत्तर येतं: पाहायचं नाही, झालं. नुसतं वाजल्याने काय बिघडतं? बिघडतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये याचाच प्रयोग केला. लक्ष एकाग्र ठेवावं लागेल असं काम लोकांना दिलं आणि मधेच त्यांच्या फोनवर कॉल किंवा मेसेज आल्याची सूचना पाठवली. त्यांनी फोन उचललाच नाही, तरीही त्यांच्या चुका वाढल्या, आणि त्या काम करताना प्रत्यक्ष फोन वापरणाऱ्यांच्या चुकांच्या तोडीच्या होत्या. कारण सूचना आली की मन लगेच "काय असेल?" या प्रश्नामागे जातं आणि मागे वळून यायला त्याला वेळ लागतो. गणिताच्या शिक्षिकेला हे प्रयोगाशिवायही दिसतं. बाय पार्ट्सच्या गणितात मुलाच्या डोक्यात एकाच वेळी चार गोष्टी तरंगत असतात: कोणतं फलन पहिलं घेतलं, कशाचं डेरिव्हेटिव्ह काढलं, चिन्ह कोणतं, पुढे काय उरलं. त्या चारही हातात धरून तो पायरी उतरत असतो. मधे एक झटका बसला की एक गोष्ट निसटते, आणि कोणती निसटली हे त्याला कळतच नाही. तो म्हणतो, "सिली मिस्टेक झाली." स्वतःला बोल लावतो. वर्षभर असं झालं की त्याची खात्री पटते, आपलं डोकंच गणिताचं नाही. अशी खात्री पटलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांतली निम्मी तरी गणितात अजिबात कच्ची नव्हती.

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच सांगून ठेवलं होतं, की माहिती भरपूर झाली की टंचाई लक्षाची होते. तेव्हा ती टंचाई आपोआप होणारी होती. आता ती पाडली जाते. आणि ज्या मुलाजवळ स्वतःची खोली नाही, म्हणून तो महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत येतो, त्याच्याजवळ लक्षाशिवाय दुसरं भांडवल तरी काय असतं?

म्हणून मला हा विषय सवयीचा किंवा संस्कारांचा म्हणून हाताळणं मान्य नाही. हा सार्वजनिक उपद्रवाचा विषय आहे, आणि अशा उपद्रवांशी आपण यापूर्वी वागलो आहोत. वर्धा रोडवरच्या लॉनमधली लग्नं आठवा. पूर्वी वरात रात्री एकपर्यंत चालायची आणि शेजारच्या इमारतीतला बारावीचा मुलगा कानात बोळे घालून बसायचा. तेव्हाही म्हणणारे होतेच, की खिडकी लावून घ्या, आनंदाचा प्रसंग आहे. पण देशाने तसं ठरवलं नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. दवाखाने, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्याभोवती निदान १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. सणासुदीची सवलत वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, तीही मध्यरात्रीपर्यंतच. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावरच्या निकालात एक फार मोलाची गोष्ट सांगितली: एकाला बोलण्याचा हक्क असेल, तर दुसऱ्याला ऐकण्याचा किंवा न ऐकण्याचा हक्क आहे, कुणाला बळजबरीने ऐकायला लावता येत नाही. नियम पाळले जात नाहीत, डीजे आजही मर्यादा ओलांडतात, हे मला ठाऊक आहे. पण आज तक्रार करणारा माणूस "संयम नसलेला" ठरत नाही. डीजेवाला दोषी ठरतो. केवढा फरक आहे हा!

आणि फोनच्या बाबतीतही आपण एकदा हे केलेलं आहे. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, अशा फोनांनी लोक वैतागले होते, तेव्हा २००७ मध्ये 'डू नॉट कॉल' नोंदणी सुरू झाली. मग ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१० ची नियमावली आणली आणि व्यापारी कॉल-मेसेजना रात्री ९ ते सकाळी ९ बंदी घातली. असे कॉल-मेसेज नकोत हे कळवायचा १९०९ हा क्रमांक आपल्या तोंडी बसला. २०१८ च्या नियमावलीत तर ग्राहकाला कोणत्या प्रकारचा संदेश कोणत्या वेळी, कोणत्या वारी चालेल हेही निवडायची सोय ठेवली. म्हणजे दागिन्यांच्या दुकानाने मला रात्री साडेअकराला जाहिरातीचा एसएमएस पाठवणं अयोग्य, हे आपण मान्य केलेलं आहे. तीच जाहिरात, त्याच वेळी, त्याच फोनवर अॅपच्या नोटिफिकेशनमधून आली तर मात्र कुणाचाच नियम लागू होत नाही. तार बदलली म्हणून हक्क कसा नाहीसा होतो, हे मला कुणी समजावून सांगावं.

सरकारने एक पाऊल टाकलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न' रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांचे १३ प्रकार नावानिशी सांगितले. त्यात एक प्रकार आहे 'नॅगिंग', म्हणजे आपल्या भाषेत भुणभुण. "नाही" म्हणायची सोयच न देता नोटिफिकेशन चालू करा म्हणून पुन्हा पुन्हा विचारत राहणं हे त्यात उदाहरण म्हणून दिलेलं आहे. मला हे वाचून बरं वाटलं. पण व्याख्या बारकाईने वाचली की फट दिसते. व्यत्यय हा व्यवहार घडवून आणण्यासाठी आणि व्यापारी फायद्यासाठी असला पाहिजे, असं तिथे म्हटलं आहे. दुकानाच्या अॅपला हे सरळ लागू पडतं. समाजमाध्यमाचं अॅप मात्र म्हणू शकतं की आम्ही काही विकतच नाही, फुकट सेवा देतो, व्यवहार कुठे आहे? व्यवहार आहे. मुलाची वीस मिनिटं जाहिरातदाराला विकली जातात, तो व्यवहार आहे. हे प्राधिकरणाने स्पष्ट शब्दांत लिहावं, एवढीच माझी पहिली मागणी आहे. त्याला नवा कायदाही लागत नाही.

दुसरी मागणी वेळेची. मशीनने रचलेलं कोणतंही नोटिफिकेशन रात्री ९ ते सकाळी ९ या वेळात वाजता कामा नये, जो नियम एसएमएसला लावला तोच इथे. हे जमण्यासारखं नाही असं कुणी म्हणू नये. न्यूयॉर्क राज्याने २०२४ मध्ये कायदा केला, की अठराखालच्या मुलांना रात्री १२ ते सकाळी ६ या वेळात, पालकांच्या संमतीशिवाय, सवय जडवणाऱ्या फीडची, म्हणजे अॅपच निवडून समोर ठेवतं त्या पोस्टच्या रांगेची, नोटिफिकेशन्स पाठवायची नाहीत. त्याच वर्षी इन्स्टाग्रामने किशोरवयीनांच्या खात्यांसाठी रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन्स गप्प ठेवणारी व्यवस्था आणली. म्हणजे कळ कंपनीच्या हातात आहे आणि ती फिरते. मग ती फक्त किशोरवयीनांसाठीच का? माझ्या अभ्यासिकेतली बहुतेक मुलं एकोणीस-वीस-बावीसची आहेत. अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कुणाच्या डोक्यात एकाग्रतेचा नवा स्नायू फुटत नाही.

तिसरी मागणी सगळ्यात साधी आणि मला सगळ्यात जवळची. चालू करायला एक टिचकी लागत असेल, तर बंद करायलाही एकच लागावी. अँड्रॉइडवर २०२२ पर्यंत, म्हणजे तेरावी आवृत्ती येईपर्यंत, नवं अॅप टाकलं की नोटिफिकेशन आपोआप चालूच असायचं, विचारण्याचीही पद्धत नव्हती. आता विचारतात. पण विचारतात ते सगळ्याचं मिळून एकदाच, आणि "हो" म्हटलं की दहीही आलं आणि जाहिरातही आली. एका लोकप्रिय अॅपमध्ये मी स्वतः बंद करायला बसले तेव्हा लाइकचं वेगळं बटण, कमेंटचं वेगळं, स्टोरीचं वेगळं, वाढदिवसाचं वेगळं, "आमच्याकडून सूचना" याचं आणखी वेगळं. "सगळं थांबवा" असं एक बटण दिसलं तेव्हा हायसं वाटलं. त्याची जास्तीत जास्त मुदत आठ तास निघाली. आठ तासांनी ते आपलं आपण पुन्हा चालू.

मुलांच्या बाबतीत तर आपल्याजवळ कायद्याचा आधारही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला आणि त्यांना नेमक्या हेरलेल्या जाहिराती दाखवायला मनाई आहे. एखादं मूल कोणत्या वेळी फोन उघडतं, कुणाचं नाव दिसलं की थांबतं, हे पाहूनच जी हाक रचली जाते ती वर्तनावरची पाळत नाही तर काय आहे?

गावांनी आपापले उपाय शोधले, त्यांचाही विचार करायला हवा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये ठरवलं की रोज संध्याकाळी सातला सायरन वाजेल आणि दीड तास सगळ्या गावातले मोबाईल आणि टीव्ही बंद राहतील. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी बोलायचं. त्याच वर्षी आपल्या विदर्भातल्या, पुसद तालुक्यातल्या बान्शी गावाच्या ग्रामपंचायतीने अठराखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला आणि दंडही ठेवला. दोन्ही गावांची कळकळ खरी. पण मी वडगावच्या बाजूची आहे. बान्शीच्या ठरावात पुन्हा मूलच गुन्हेगार झालं, आणि ऑनलाइन शिकणाऱ्या मुलाला लपूनछपून शिकायची पाळी येऊ शकते. वडगावात मोठ्यांनीही फोन ठेवला. एकट्या मुलाने फोन बंद केला तर तो मित्रांमध्ये मागे पडतो, सगळ्यांनी केला तर कुणीच पडत नाही. हीच गोष्ट एकेकट्याच्या निग्रहाने होत नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांना समाजमाध्यमांची खातीच बंद केली. तो मार्गही मला अपुरा वाटतो, कारण त्यात रचना तशीच राहते आणि सोळा वर्षं पूर्ण होताच मूल तिच्या तोंडी दिलं जातं.

आपल्या नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबत निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, आणि त्यांच्यासोबत त्या त्या वर्षी लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे बडगे, हे सगळे पुतळेच. "घेऊन जा गे मारबत" म्हणत ती पीडा वेशीबाहेर नेतात. लहानपणी मला त्यात फक्त गर्दी आणि आरडाओरडा दिसायचा. आता दिसतं की ही फार शहाणी प्रथा आहे. जी पीडा सगळ्यांची आहे तिला नाव द्यायचं, तिचा पुतळा करायचा, तो सगळ्यांनी मिळून रस्त्यावरून न्यायचा. आपापल्या घरात बसून प्रत्येकाने आपापल्या पोराला बदडायचं नाही.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप मला त्या मुलांचा वाटतो जी धरमपेठेत, सदरमध्ये हॉटेलांच्या बाहेर दुचाकीवर बसून ऑर्डरची वाट पाहतात. त्यांच्यासाठी फोनची घंटी म्हणजे मजुरी. ती चुकली तर दिवस बुडाला. माझ्या अभ्यासिकेतला एक मुलगा सकाळी अभ्यास करतो आणि संध्याकाळी हेच काम करतो. तो मला म्हणाला, "काकू, सगळे नोटिफिकेशन बंद करा म्हणणं सोपं आहे, ज्याचं पोट त्यावर नाही त्याले." बरोबर बोलला. म्हणूनच मी "सगळे बंद करा" असं कधी म्हणत नाही. त्याची ऑर्डरची घंटी, दवाखान्याचा निरोप, बँकेचा ओटीपी, पुराचा इशारा, यासाठीच तर ही सोय जन्माला आली. मशीनने रचलेल्या हाका मधे घुसल्यामुळे उलट याच खऱ्या हाका बुडतात. त्या मुलाची ऑर्डर एकदा सेलच्या जाहिरातींच्या ढिगाखाली गेली होती.

दुसरा आक्षेप इतवारीतल्या आमच्या एका ओळखीच्या ताईंचा. त्या घरून साड्या विकतात, इन्स्टाग्रामवर फोटो टाकतात. त्या म्हणतात, नोटिफिकेशन गेली तर गिऱ्हाईकाला कळणार कसं? ज्या गिऱ्हाइकाने ताईंच्या पानावरची घंटी स्वतः दाबली आहे त्याला जरूर कळावं. तिथे माणसाने निवड केलेली आहे. मी ज्याच्याविरुद्ध बोलते आहे ते ताईंच्या नावाने, ताईंना न विचारता, ताईंच्या साडीशी संबंध नसलेल्या माणसाला उठवणं आहे.

आणि "फुकट अॅप आहे, मग एवढं सोसायला हवं" याला उत्तर द्यायचीही मला फारशी इच्छा होत नाही. रस्ताही फुकट आहे, म्हणून त्यावर कुणी येऊन आपल्या बाहीला ओढावं का?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आमच्या अभ्यासिकेत आम्ही जे केलं ते सांगते, चुकीसकट. सुरुवातीला मी कुलूप असलेली एक लाकडी पेटी आणली आणि सगळ्यांचे फोन त्यात टाकले. ते फसलं. एका मुलीची आई मेडिकलच्या दवाखान्यात भरती होती. ती दर पंधरा मिनिटांनी पाणी प्यायच्या निमित्ताने उठायची आणि पेटीजवळ उभी राहायची. बाकीच्यांचंही लक्ष पेटीतच. नंतर २०१९ मधल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं, तेव्हा उलगडा झाला. २३७ लोकांवर दोन आठवडे प्रयोग केला होता. ज्यांना नोटिफिकेशन्स गठ्ठ्याने, दिवसातून तीनदा मिळाली त्यांचं लक्ष सुधारलं आणि मन हलकं झालं. ज्यांची पूर्ण बंद केली त्यांना तेवढा फायदा झाला नाही, उलट काळजी आणि काहीतरी सुटतंय ही धास्ती वाढली.

म्हणजे जुन्या टपालासारखं. पोस्टमन ठरल्या वेळी यायचा, त्यामुळे मधल्या वेळात कुणी दाराकडे पाहत बसत नसे, आणि तो येणार हे नक्की असल्यामुळे कुणी घाबरतही नसे. आम्ही पेटी काढून टाकली. आता दुपारी चारला चहा होतो, तेव्हा टपाल. रात्री आठला पुन्हा टपाल. फोन पिशवीतच राहतो, पण प्रत्येकाने दोन-तीन माणसांचे नंबर असे लावून ठेवले आहेत की त्यांचा कॉल कधीही वाजेल. त्या मुलीने आईचा आणि मामाचा लावला. मग ती उठेनाशी झाली.

राहिलं मशीनच्या रकान्यातलं. ते हातानेच उपसावं लागतं. नवा मुलगा किंवा मुलगी आली की पहिल्या दिवशी मी पुस्तकं उघडू देत नाही, फोन घेऊन शेजारी बसवते. परवा एक मुलगी आली, कळमेश्वरची, तलाठी भरतीची तयारी करायला. एकेक अॅप उघडायचं, सेटिंगमध्ये जायचं, मेसेज आणि कॉल ठेवायचे, बाकीचं बंद. तिसऱ्या अॅपला तिला जांभई आली. पाचव्याला एक पाटी आली, "तुमच्या मित्रांच्या अपडेट्स चुकतील, नक्की बंद करायचं?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. सगळं होईपर्यंत पाऊण तास गेला, बाहेर दिवे लागले. फोन बाजूला ठेवताना ती म्हणाली, "पण काकू, हे सगळं चालू कोणी केलं होतं? मी तं नव्हतं केलं."